कोणत्या पावसावर भरवसा ठेवायचा?

वर्धा जिल्ह्यात वाळवंट नाही. वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धाम आणि बोर नद्या आहेत, काळ्या जमिनीत कापूस पिकतो. तरी पावसानंतर वाळवंट फुलतं म्हणजे नेमकं काय होतं, हे बोरगाव मेघेच्या कडेला उभं राहूनही समजून घेता येतं. वर्धा शहराला खेटून असलेल्या या गावाभोवती ले-आउट पडले आहेत. काही प्लॉटांवर घरं उठली, काहींवर अजून नुसतेच हद्दीचे दगड आहेत. त्यापलीकडे बरड आहे, नाल्याचे काठ आहेत, शेतांचे धुरे आहेत. मे महिन्यात या सगळ्यावर वाळल्या गवताचा एकच रंग असतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उघड्या मातीचा पृष्ठभाग त्याहूनही खूप जास्त तापतो. जुलैच्या मध्याला त्याच जागी केना निळा फुललेला असतो, काळ्या मुसळीची पिवळी फुलं जमिनीला चिकटून उमललेली असतात, बोरीच्या झुडपावर कळलावी चढायला लागलेली असते. ही झाडं कुणी पेरलेली नसतात. ती मे महिन्यातही तिथेच होती, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नव्हती.

एखादी जागा वनस्पतीसाठी वाळवंट आहे की नाही, हे वर्षभरात किती पाऊस पडला यापेक्षा मुळांच्या आवाक्यात पाणी किती दिवस राहतं यावर जास्त ठरतं. बरडावर बेसॉल्टच्या खडकावर चार-सहा बोटं मुरमाड माती असते. पावसाळा सरला की ती लवकरच कोरडीठक्क पडते आणि पुढचे सात-आठ महिने तशीच राहते. ज्या झाडाची मुळं त्या चार बोटांतच आहेत, त्याच्या नशिबी दरवर्षी एक वाळवंट येतंच. म्हणूनच चिलीतलं अटाकामा, कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली आणि वर्ध्याचं बरड यांच्या फुलण्यामागचं शास्त्र पुष्कळसं एकच आहे.

डेथ व्हॅलीत वर्षाला सरासरी जेमतेम ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडे आषाढातल्या एका चांगल्या दिवसाइतका. २००५ आणि २०१६ साली तिथे आधीच्या पावसाने असा काही हात दिला की मैलोनमैल जमीन पिवळी झाली. अटाकामात २०१५ सालच्या मार्चमध्ये पूर आले, पुढे ऑगस्टमध्येही पाऊस झाला, आणि त्या वसंतात जांभळ्या-गुलाबी फुलांचे पट्टे क्षितिजापर्यंत पसरले. तिथले लोक याला फुललेलं वाळवंट असंच म्हणतात आणि ते पाहायला दुरून माणसं येतात. तिथे हा सोहळा काही वर्षांनी येतो, आपल्याकडे दरसाल येतो. दरसाल येणाऱ्या गोष्टीचं आपल्याला अप्रूप वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण आतली करामत दोन्हीकडे तितकीच मोठी आहे.

ती करामत पाऊस ओळखण्याची आहे. पाऊस पडला की बी रुजतं, असं आपण सहज म्हणतो. विदर्भात राहणाऱ्याला मात्र ठाऊक असतं की पाऊस एका प्रकारचा नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट येते. एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळतो, पत्रे उडवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन तापतं. रोहिणीत एखादी सर येते, मृगात दोन येतात आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं राहतं. जे बी वळवाच्या पाण्यावर रुजेल, ते आठवड्याभरात करपून जाईल. शेतकऱ्यालाही दरवर्षी हाच प्रश्न पडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो, कारण घाई केली तर दुबार पेरणीची पाळी येते. शेतकरी निदान कर्ज काढून बियाण्याची दुसरी बॅग आणतो. रानातल्या एकवर्षायू रोपाला दुसरी बॅग नाही. आईबाप मागच्या हिवाळ्यातच वाळून गेले, आता वंशाचं जे काही आहे ते मातीतल्या बीमध्ये आहे. ते बी चुकीच्या सरीवर उठलं तर संपलं.

मग बी फसत नाही ते कसं? या प्रश्नाचा नीट पाठपुरावा फ्रिट्स वेंट या मूळच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने केला. वनस्पतींच्या वाढीला दिशा देणारं ऑक्झिन हे संप्रेरक दाखवून देणारा हाच तो वेंट. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात काम करताना त्याने वाळवंटातली माती, आतल्या बियांसकट, प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडला. थोडा शिडकावा केला तर काहीच उगवलं नाही. इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटरच्या घरात पाऊस पाडल्यावर रोपं उठू लागली. खरी गंमत पुढे आहे. तीच माती खालून पाणी शोषून तितकीच ओली होऊ दिली, तरी बिया हलल्या नाहीत. ओल पुरेशी होती, पण वरून पडून खाली निचरणारं पाणी नव्हतं. अनेक बियांच्या आवरणात उगवण रोखणारी रसायनं असतात. पाणी अंगावरून वाहत गेलं तरच ती धुऊन निघतात, आणि चिमूटभर पावसाने ती पुरती निघत नाहीत. म्हणजे किती पाऊस झाला याचं मोजमाप त्या बीच्या सालीतच ठेवलेलं असतं.

सगळ्या बियांची रीत अशी नाही. आपल्याकडच्या तरोट्याचं बी पाहा. पहिल्या पावसानंतर त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी विदर्भात घरोघरी होते. शेंगेतून पडलेलं ताजं बी पाण्यात घालून ठेवलं तर त्यातल्या बऱ्याच बिया दगडासारख्या तशाच राहतात. साल इतकी घट्ट की पाणी आत शिरतच नाही. त्या सालीला काळ लागतो. दिवसा भाजणारी आणि रात्री निवणारी माती, अनेक महिन्यांची रगड, यांनी साल हळूहळू खिळखिळी होते आणि मग पाण्याला वाट मिळते. ज्या उन्हाळ्याला आपण शिव्या देतो, तो या बियांना लागतोच. आणि एकाच झाडाच्या बियांची साल सारखी जाड नसते, त्यामुळे काही यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे.

पहिल्या पावसाच्या वासाबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे, पण त्या वासाचं बियांशी असलेलं नातं फारसं कुणाला माहीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयझॅबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी १९६४ साली या वासाचा शोध घेतला. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून सुटणारी तैलद्रव्यं तापलेल्या दगड-मातीत मुरून बसतात आणि पाणी पडलं की हवेत येतात, असं त्यांनी दाखवलं आणि त्याला पेट्रिकोर हे नाव दिलं. मातीतले काही सूक्ष्मजीव तयार करतात तो जिओस्मिन नावाचा पदार्थही या वासात असतो. पण त्या दोघांचं पुढच्याच वर्षीचं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे तेल बियांची उगवण आणि रोपाची सुरुवातीची वाढ मंद करतं. म्हणजे ज्या सुगंधाने आपण हरखून दारात येतो, तो निघतो ज्या तेलातून, ते तेल मातीतल्या बीला थोडं थांबायला लावणारं आहे.

काळ्या जमिनीची यात स्वतःची भूमिका आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये आपल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची सुटी माती, काडीकचरा आणि बिया त्या भेगांत पडतात. पाऊस आला की भेगा मिटतात. अशा तऱ्हेने ही जमीन वखराशिवायही स्वतःला वरखाली करत राहते आणि निरनिराळ्या सालच्या बिया निरनिराळ्या खोलीवर पोचवते. खोल गेलेल्या बीला उजेड मिळत नाही, तापमानाचे चढउतार कळत नाहीत, म्हणून ते निजून राहतं. पुढे कधी नांगराने वर आलं तर जागं होतं.

किती काळ निजू शकतं? अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकाने १८७९ साली २१ जातींच्या रानबिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरायची, असा तो प्रयोग. बील गेला, त्याच्यामागून पिढ्यान्‌पिढ्या माणसं तो चालवत आहेत. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बियाही उगवल्या. सगळ्या जातींना एवढं आयुष्य नसतं, बहुतेक जातींच्या बिया त्याआधीच मेल्या होत्या. पण नुसती वाट पाहणं हासुद्धा जगण्याचा एक प्रकार आहे, हे त्यातून दिसलं.

वाट पाहण्याचा हिशेब गणितात मांडला तो जेरुसलेममधल्या डॅन कोहेन यांनी, १९६६ साली. पाऊस बेभरवशाचा असेल तर झाडाने आपल्या सगळ्या बिया एकाच वर्षी उगवू द्याव्यात का? एखाद्या चांगल्या वर्षी त्याचा भरघोस फायदा होईल. पण एकच वर्ष पूर्ण कोरडं गेलं की वंश शून्यावर येईल आणि शून्याला पुढे कशानेही गुणलं तरी शून्यच. म्हणून जिथे दगाफटक्याची वर्षं जास्त, तिथे दर वर्षी थोड्याच बिया उगवू द्यायच्या आणि बाकीच्या मातीत राखून ठेवायच्या, हे दीर्घकाळात किफायतीचं ठरतं. वाळवंटातल्या वनस्पतींवर पुढे झालेल्या अभ्यासांत हे पुष्कळ अंशी तसंच दिसून आलं.

हे सगळं एकाच रोपात पाहायचं असेल तर केना उपटावा. शेतात, धुऱ्यावर, रिकाम्या प्लॉटमध्ये, नळाच्या कडेला, कुठेही मिळतो. निंदणाला जाणाऱ्या बाया याला चांगल्या ओळखून असतात. उपटून तिथेच टाकला तर ओल्या मातीत पेरापेरांवर मुळं फोडून पुन्हा उभा राहतो, म्हणून त्याला दूर फेकावा लागतो. त्याची निळी फुलं पाहायची तर सकाळी जावं, दुपारपर्यंत ती मिटून विरघळल्यासारखी होतात. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, एक लहानशी, आणि खाली नरसाळ्यासारखं हिरवं वेष्टण. इथवर बहुतेकांनी पाहिलेलं असतं. आता रोप अलगद, मुळांभोवतीची माती न झटकता उपटा आणि बुडाशी नीट बघा. मुळांच्या जोडीला पांढुरके फाटे जमिनीत शिरलेले दिसतील. त्यांच्यावरही फुलं येतात. ती कधीच उमलत नाहीत, त्यांना रंग नसतो, कीटकाची गरज नसते; आतल्या आत परागण होऊन जमिनीखालीच फळ धरतं. वरच्या फळात साधारण पाच बिया असतात, एक मोठी आणि चार लहान. खालच्या फळात तीन, एक मोठी आणि दोन लहान. म्हणजे एका झाडाला चार तऱ्हेच्या बिया. मोठ्या बिया लवकर उगवतात, लहान बिया जास्त दिवस निजतात. वरचं झाड गुराने खाल्लं, डवऱ्याने कापलं, वळवाने फसवलं, तरी चारपैकी कुठली तरी एक तऱ्हा उरतेच. कोहेन यांचं गणित आपल्या पायाखाली असं उगवून आलेलं असतं.

याच्याही पुढे गेलेली एक वनस्पती विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. ज्वारीत येणारा टारफुला. वीतभर उंचीचं, लहान पांढऱ्या फुलांचं हे झाड दिसायला गोजिरवाणं, पण ज्वारीच्या मुळात आपलं मूळ घुसवून अन्नपाणी ओढतं आणि ताट पिवळं पडतं. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, एका झाडाला हजारोंनी येतं, आणि त्यात पुरेशी शिदोरी नसते. उगवल्यावर चार-पाच दिवसांत ज्वारीचं मूळ सापडलं नाही तर रोप मरतं. म्हणून नुसता पाऊस त्याला पुरत नाही. आधी काही दिवस उबदार ओल मिळायला हवी, आणि त्यानंतर मुळातून झिरपणारं विशिष्ट रसायन पोचायला हवं. दोन्ही खुणा पटल्या तरच ते उगवतं, नाहीतर दहा-पंधरा वर्षंही मातीत पडून राहू शकतं.

ते रसायन शास्त्रज्ञांना पहिल्यांदा हाती लागलं १९६६ साली, आणि तेही ज्वारीच्या मुळातून नव्हे, कापसाच्या मुळातून. त्याला स्ट्रिगॉल नाव मिळालं. कापसावर टारफुला जगू शकत नाही, पण कापसाच्या मुळांतून तीच खूण झिरपते. त्यामुळे कापसाच्या शेतात टारफुल्याचं बी जागं होतं, मूळ शोधतं, आणि धरायला काही नाही म्हणून मरतं. ज्वारीनंतर कपाशी, कपाशीनंतर ज्वारी, हा वऱ्हाड-वर्ध्याचा जुना फेरपालट टारफुला आटोक्यात ठेवायला कामी येतो तो यामुळे. मग ही खूण झाडं मुळातून सोडतातच कशाला, याचं उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षं लागली. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की ही मुळांची बुरशीला दिलेली हाक आहे. मातीतली ती बुरशी मुळांशी सख्य करते आणि त्यांना स्फुरद मिळवून देते. टारफुल्याने ती हाक ऐकायला शिकून घेतली. आता सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा आटला, आणि आज तिशीतल्या शेतकऱ्याने टारफुला पाहिलेला असेलच असं नाही. एखाद्या तणाचा विसर पडल्याचं दुःख करू नये म्हणतात, पण त्याच्याकडून जे कळलं ते फार मोठं आहे.

बियांखेरीज दुसरा मार्ग कंदांचा. बरडावर सगळ्यात आधी जी फुलं दिसतात ती बहुतेक कंदवाल्यांचीच, आणि याचं कारण सरळ आहे. बीला शून्यापासून रोप उभारायचं असतं. कंदात मागच्या पावसाळ्यातलं पिष्ट आणि पाणी साठवलेलं असतं. कित्येक कंदांत कळीही आतल्या आत आधीच तयार झालेली असते. पाणी मिळालं की पेशी फुगतात आणि चार-सहा दिवसांत फूल वर येतं. काळी मुसळी ही अशीच. गवताच्या पात्यांसारखी घडीदार पानं आणि त्यांच्या बुडाशी सहा पाकळ्यांचं पिवळं फूल, इतकं खाली की वाकल्याशिवाय दिसत नाही. त्याचा बीजकोश तर पानांच्या आवरणात जमिनीलगत दडलेला असतो. चरणारं जनावर पानं खाऊन जातं, फळ वाचतं.

रानकांदा याहून वेगळा. तो पावसाची वाटच पाहत नाही. ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, मातीतून उघडा दांडा वर येतो आणि त्यावर फिकट तपकिरी फुलं लोंबतात. कांद्यात साठवलेल्या पाण्यावर हे सगळं चालतं. पाऊस येईस्तोवर त्याच्या बिया पिकून सांडलेल्याही असतात आणि मग पानं फुटतात. हा कांदा विषारी आहे, खायचा नाही. कळलावीचंही तसंच. तिच्या पानांची टोकं लांबत जाऊन वेटोळी होतात आणि शेजारच्या झुडपाला धरून ती वर चढते. फूल उमलताना हिरवट-पिवळं, मग केशरी, मग लालभडक. पाकळ्या कडेला नागमोडी आणि मागे वळलेल्या. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. हे द्रव्य पोटात गेलं तर जीव घेतं, आणि हेच मापात दिलं तर वातरक्ताच्या दुखण्यावर औषध ठरतं. पिकांच्या नव्या जाती तयार करताना गुणसूत्रांची संख्या दुप्पट करायलाही तेच वापरतात. औषधी मागणीमुळे कळलावी रानातून ओरबाडली जाते, आणि मुळासकट काढलेला कंद पुढच्या मृगात उगवत नाही.

मला या कंदवाल्यांत सगळ्यात जास्त ओढ आहे ती कंदीलपुष्पाची, ज्याला खर्पुडी असंही म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. महाराष्ट्रात याच्या बऱ्याच जाती आहेत आणि काही तर जगात इतरत्र कुठेही नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. श्रीरंग यादव यांनी या कुळाच्या अभ्यासासाठी आणि संवर्धनासाठी आयुष्याची अनेक वर्षं दिली आहेत. विदर्भाच्या कोरड्या झुडपांत आढळते ती सेरोपेजिया बल्बोसा. नाजूक वेल, काटेरी झुडपाच्या आत शिरलेला, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढं फूल. बुडाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून पिंजरा झालेला. फुलाच्या वासाला भुलून अगदी बारीक माशा येतात आणि नळीत घसरतात. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. माशी बुडाच्या फुगीर भागात कोंडली जाते, फिरता फिरता परागांची जुडी तिला चिकटते किंवा तिने आणलेली जुडी तिथे राहते. पुढे केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटते. फूल तिला खात नाही. माशी जिवंत जायला हवी, कारण पुढच्या फुलापर्यंत तिनेच पोचायचं आहे. या वेलीचे कंद खाण्याजोगे असल्यामुळे गुराखी आणि रानात वावरणारी माणसं ते खणून खात आली. पूर्वी रान मोठं होतं, तेव्हा ते खपून जात होतं.

फुलांचं नाव काढलं की महाराष्ट्रात सगळे साताऱ्याच्या कास पठाराकडे बोट दाखवतात. ते रास्तच आहे. जांभ्यावरचा वीतभर मातीचा थर, त्यावर गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासलाही जागतिक वारशात स्थान मिळालं. पण कासच्या प्रसिद्धीमुळे एक समज पक्का झाला की रानफुलं म्हणजे सह्याद्री. याला इतिहासाचंही थोडं कारण आहे. थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अभ्यासकांना त्याचा पाया मिळाला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून त्या ग्रंथाच्या बाहेर राहिला. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींचं ना. रा. उगेमुगे यांचं पुस्तक आलं ते १९८६ साली. पूर्व विदर्भाच्या माळांकडे पाहायला आपण उशिरा लागलो आणि अजूनही पुरेसे लागलेलो नाही.

पाहिलं नाही म्हणून तिथे काही नाही असं समजायचं, ही सवय महागात पडते. भारतातल्या गवताळ माळरानांवर, ज्यांना शास्त्रीय भाषेत सॅव्हाना म्हणतात, केवळ तिथेच वाढणाऱ्या वनस्पतींची मोजदाद आशिष नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केली. द्वीपकल्पीय भारतात अशा २०६ जाती निघाल्या, आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जाती शास्त्राला गेल्या वीसेक वर्षांतच कळलेल्या आहेत. याच नेर्लेकरांनी दिग्विजय पाटील यांच्यासोबत पुढे आणखी एक सुरेख काम केलं. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातल्या जुन्या मराठी ग्रंथांत, ओव्यांत, कथांत कोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात ते त्यांनी शोधले. तेराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतच्या या साहित्यात आलेल्या बहुसंख्य वनस्पती माळरानाच्या निघाल्या. म्हणजे जंगल तोडलं म्हणून माळ झाला, हे निदान तिथे तरी खरं नाही. माळ शेकडो वर्षं माळच होता.

आपल्या भागात या माळांना सरकारी दप्तरात नावच वेगळं आहे, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या महसुली नोंदींत मध्य प्रांताच्या काळापासून आलेलं. गावाची गुरं चरायची, सरपण मिळायचं, अशी हलकी, झुडपांची जमीन. ती वन की महसूल, हा वाद कित्येक वर्षं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच मानायची असा निर्णय दिला आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी जी वाटप झाली तिच्यासाठी नियमित करण्याची वाट ठेवली. या निर्णयाने मोठ्या क्षेत्राला कायद्याचं संरक्षण मिळालं, ही चांगली गोष्ट झाली. माझी काळजी त्यापुढची आहे. वन म्हटलं की आपल्याला वृक्षच दिसतात. मोकळा माळ दिसला की खड्डे खणावेत, रोपं लावावीत, असं मनापासून वाटणारी माणसं भली असतात, आणि गावात, रस्त्याकडेला सावली हवीच. पण कुसळीच्या माळावर ओळीने खड्डे खणले की काळ्या मुसळीचे कंद उपटले जातात, आणि पुढे झाडांची दाट सावली पडली की उन्हावर जगणारी ही छोटी झाडं उरलीसुरलीही जातात. त्यांना उन्हाळा हवा असतो. गुरांचं माफक चरणंही त्यांना चालतं, किंबहुना उंच गवत कमी झाल्यामुळे बुटक्यांना उजेड मिळतो.

त्यांना न चालणाऱ्या गोष्टी दुसऱ्या आहेत. एक गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे अमेरिकी तण आता प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. एका झाडाला हजारो बिया, आणि ओल मिळाली की वर्षात केव्हाही उगवण्याची तयारी. ज्या सावधपणाचं आतापर्यंत वर्णन केलं तो याला फारसा लागत नाही, कारण आपण त्याला नाल्याचं, गटाराचं, नळाचं पाणी बारा महिने पुरवतो. दुसरं तणनाशक. पूर्वी धुरा कापला जायचा, आता धुऱ्यावरही फवारा जातो, आणि केन्यासारखी चिवट जात तगली तरी कळलावीसारखी नाजूक जात परत येत नाही. तिसरं मुरमाचं खोदकाम. बियांचा बहुतेक साठा मातीच्या वरच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये असतो. बांधकामाआधी जेसीबीने पहिला घास घेतला जातो तो नेमका तोच.

ले-आउटमध्ये घर बांधणाऱ्याला यावर एक गोष्ट करता येते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पाया खणण्याआधी वरची वीतभर माती वेगळी काढून कोपऱ्यात ढीग करायची, मुरूम त्यात मिसळू द्यायचा नाही, आणि बांधकाम संपलं की कुंपणाच्या कडेने परत पसरायची. हे काम उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत झालेलं बरं, म्हणजे बिया निजलेल्या असतानाच हलतात. पहिल्या पावसाळ्यात तिथे तरोटा, केना, कुर्डू ही नेहमीची मंडळी येतील, गाजर गवतही येईल. ते फुलण्याआधी हातमोजे घालून उपटायचं आणि बाकीच्यांना आश्विनापर्यंत हात लावायचा नाही, कारण त्यांच्या बिया तोवर पिकून मातीत पडलेल्या असतात.